एकोणीस नंबरचा दगड

माझ्या धाकट्या लेकीला, रेणव्वाला, जुळं झालं ते साल २०४१. कळा सुरू झाल्या तेव्हा आम्ही तिला जीपमध्ये घालून हद्दीपलीकडच्या दवाखान्यात नेत होतो, कारण तो जवळ पडतो. पहिली मुलगी वाटेतच झाली, एकोणीस नंबरच्या हद्दीच्या दगडापाशी, उभ्या जीपमध्ये. दुसरी अर्ध्या तासानं दवाखान्यात. त्यामुळे थोरलीचा दाखला महाराष्ट्राचा आहे आणि धाकटीचा कर्नाटकाचा. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर एकाचं अक्षर दुसऱ्याशी जुळत नाही. माझी आई तेव्हा नव्वदीच्या पुढं गेलेली. तिला आम्ही अम्मा म्हणतो. तिनं दोघींना मांडीवर घेतलं, दोघींची टाळू हुंगली आणि म्हणाली, वास तर एकच येतोय.

त्याच साली पावसाळा सरल्यावर आमच्या वस्तीत कानखांब आला.

आम्ही वडार. दगड फोडणं, घडवणं, बसवणं हे आमचं काम. सोलापूरच्या पूर्वेला, जिथं दोन राज्यं एकमेकांना टेकतात, तिथं खडकमाळ नावाची आमची अकरा घरांची वस्ती आहे. मध्ये मोकळं अंगण, भोवती घरं. सोमवारच्या बाजारात आम्ही मराठी बोलतो, गुरुवारच्या बाजारात कन्नड. घरात बोलतो ती तिसरीच बोली, तेलुगूच्या कुळातली, जिला लिपी नाही. दगडाला आम्ही रायी म्हणतो आणि पाण्याला निळ्ळू. अम्माला ही एकच बोली नीट येते. बाजाराच्या दोन्ही भाषा तिला भावापुरत्या कळतात.

हद्दीचे दगडही आमच्याच हातचे. १९९६ साली मी आणि माझा थोरला भाऊ मरेप्पा, त्याला मी अन्ना म्हणतो, आम्ही दोघांनी मिळून साठ दगड घडवले. मुकादमानं दोन कागद दिले होते, एकावर मराठी अक्षरं, एकावर कन्नड. आम्हा दोघांना एकही अक्षर येत नव्हतं. नक्षी कोरावी तशी आम्ही ती कोरली. मुकादम सांगून गेला होता की मराठी तोंड महाराष्ट्राकडं करा आणि कन्नड कर्नाटकाकडं. पण आमच्यात एक रीत आहे. ज्या तोंडाला पहिली टाकी लागते ते तोंड उगवतीकडंच बसवायचं, नाहीतर दगड टिकत नाही. पहिली टाकी अन्नाची असायची, आणि हाताला आधी येईल त्याच कागदावरची अक्षरं तो आधी कोरायचा. त्यामुळे कुठं मराठी उगवतीला गेली, कुठं कन्नड. मुकादमानं दगड मोजले आणि तो निघून गेला.

पुढंही हद्दीच्या, रस्त्याच्या दगडांवर ती अक्षरं मी पस्तीस वर्षं कोरत राहिलो आणि एकसष्टाव्या वर्षी वाचली. माझी सून सुवर्णा अंगणवाडी सेविका आहे. तिनं मला पाटीवर शिकवलं. वाचता आल्यावर मी पहिल्यांदा हद्दीवरून चालत गेलो, तेव्हा कळलं की आमच्या वस्तीभोवतीचे सतरा ते तेवीस हे दगड उलटसुलट बसलेत. मी तिथंच बसून हसलो. मोजणीचे लोक दर चार-पाच वर्षांनी येऊन नकाशा सुलटा-उलटा धरून का भांडत होते, ते त्या दिवशी समजलं. अन्नाला सांगितलं तर तो म्हणाला, दगड पडलाय का एक तरी? नाही ना, मग बरोबर बसलाय.

कानखांब याच भांडणासाठी आला. दोन्ही राज्यांनी मिळून एक मंडळ नेमलं होतं. हद्दीवरच्या ज्या वस्त्यांचा नकाशावर निकाल लागत नव्हता, तिथं लोक काय बोलतात ते मोजायचं आणि त्यावरून वस्ती कुणाची ते ठरवायचं, असा करार झाला होता. खांब पुरुषभर उंचीचा, राखाडी, वरच्या अंगाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं. त्याच्याबरोबर मंडळाच्या बिरादार बाई आल्या. बाई कुठल्या, असं अन्नानं आधीच विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, आई बिदरची, वडील उदगीरचे, नोकरी मंडळाची आणि मुक्काम विमानात. लोक हसले आणि त्यांना चहा मिळाला.

बाईंनी खांबाचं शास्त्र समजावलं ते मला पटलं, कारण ते आमच्या धंद्यासारखंच आहे. मूल पोटात सातव्या महिन्यापासून आईच्या बोलण्याची लय ऐकतं. वर्षाचं होईपर्यंत त्याचा कान लागणारे आवाज ठेवतो आणि न लागणारे सोडून देतो. मग जिभेला सवय लागते, टाळूला कुठं टेकायचं, स्वर किती लांबवायचा, श्वास कुठं घ्यायचा. पुढं माणूस कितीही भाषा शिकला तरी ही सवय जात नाही. आधीच्या यंत्रांना शब्द लागायचे. ज्या बोलीचं लिखाण नाही, कोश नाही, ती त्यांना नुसता गोंगाट वाटायची. हे यंत्र शब्दांकडं बघतच नाही. ते सवयी ऐकतं आणि सारख्या सवयींचे ढीग लावतं, मग त्या भाषेचं नाव त्याला ठाऊक असो वा नसो. टाकीचा घाव बघून तो कुणाच्या हातचा हे मी सांगू शकतो, त्या माणसाचं नाव माहीत नसलं तरी. तसंच हे.

शब्द ते साठवतही नाही, असं बाईंनी दोनदा सांगितलं. मोजमाप घेतलं की शब्द पुसले जातात. दुर्गव्वा, माझी बायको, म्हणाली, म्हणजे पीठ टाकून कोंडा ठेवायचा. बाई म्हणाल्या, अगदी तसंच.

बाईंनी नियमांचे दोन कागद दिले, एक मराठी, एक कन्नड. मराठी कागद मी सगळ्यांसमोर स्वतः वाचला, बोट ठेवून, घाम पुसत. पहिला नियम, खांब तीन महिने अंगणातलं बोलणं ऐकेल, घरातलं नाही. दुसरा, शब्द साठवले जाणार नाहीत. तिसरा, ज्या राज्याची भाषा निम्म्याहून जास्त भरेल त्या राज्याची वस्ती. तिसऱ्या नियमाला कागद संपला. मी खळ करून अंगणातल्या भिंतीला फासली आणि दोन्ही कागद तिच्यावर शेजारी शेजारी चिकटवले, पक्के. मंडळाच्या कागदावर आयुष्यातली माझी पहिली सही त्या दिवशी झाली होती आणि माझी छाती फुगलेली होती. सुवर्णा तेव्हा प्रशिक्षणाला गेलेली होती. संध्याकाळी आली तोवर खळ वाळली होती.

बाई गेल्यावर अंगणाचे दोन भाग झाले. वस्ती कर्नाटकात गेली तर सुवर्णाची अंगणवाडी जाणार होती, आणि माझी चार अक्षरंही, कारण मला एवढीच येतात. महाराष्ट्रात आली तर अन्नाच्या नातीची कलबुर्गीची शाळा आणि वसतिगृह अडचणीत येणार होतं. त्याचे दोन्ही मुलगे तिकडंच असतात. सहा घरं माझ्या बाजूला झाली, पाच अन्नाच्या. मी फर्मान काढलं की आमच्या ओळीत तीन महिने अंगणात फक्त मराठी. अन्नानं त्याच दिवशी कन्नडचं काढलं. आमची बोली दोघांनीही बंद केली. ती कुणाच्याच कामाची नव्हती.

पहिले आठ दिवस गंमत वाटली. दुर्गव्वा शेळीवर मराठीत ओरडायची आणि शेळी हलायची नाही. अन्नाची बायको समोरून कन्नडमध्ये काहीतरी सुनवायची, ते दुर्गव्वाला कळायचं, पण उत्तर मराठीत द्यायचं म्हणजे भांडणाची चव जायची. वीस वर्षं रोज भांडणाऱ्या त्या दोघी आठव्या दिवशी गप्प झाल्या. हळूहळू अंगणच गप्प झालं. जेवढ्यास तेवढं बोलायचं, तेही आधी मनात घोकून.

आम्हा बाप्यांना हे फार जाणवलं नाही. खाणीवर खांब नव्हता. तिथं दिवसभर आमच्या बोलीत शिव्या देऊन, थट्टा करून, पोट भरून आम्ही घरी यायचो. घरी होती अम्मा.

अम्मा सकाळी अंगणात बाजेवर बसायची ती दिवे लागेपर्यंत. येणारा-जाणारा तिच्याशी दोन शब्द बोलायचा, त्यावर ती जगायची. आता ती निळ्ळू म्हणाली की नातसून तांब्या आणून ठेवायची आणि न बोलता आत जायची. ती कुणाला काही विचारायला लागली की तो ओठांवर बोट ठेवून खांबाकडं दाखवायचा. मी स्वतः तसं केलंय. पंधरा दिवसांनी तिनं भाकरी अर्धी केली. मग चतकोर. एकदा ती मला घरात बोलावून हळूच म्हणाली, "तिम्मा, माझ्या हातून काय झालं?"

मी तिला खांब, राज्य, नियम सगळं समजावलं. तिनं ऐकून घेतलं. पुन्हा तेच विचारलं.

दुसऱ्या दिवशी तिनं बाज ओढत नेऊन खांबाखाली टाकली आणि खांबाशी बोलायला सुरुवात केली. मी खाणीवरून आलो तेव्हाही ती बोलतच होती. कुठल्या डोंगराचा दगड गोड फुटतो आणि कुठला खवट. पाट्याला टाकी लावायची ती घराकडून उंबऱ्याकडं का. माझ्या बापानं लग्नात तिला चांदीऐवजी पोलादाची टाकी कशी दिली. हे सारं आमच्या बोलीत, खणखणीत. त्या रात्री ती दोन भाकरी जेवली.

मी तिला म्हटलं, अम्मा, खांब मोजतोय, तुझ्या बोलण्यानं आमचं गणित बिघडतंय.

ती म्हणाली, "तो ऐकतो. तुम्ही ऐकत नाही. मग मी कुणाशी बोलू?"

ती रोज खांबाशी बोलायला लागली. नव्वदीतली बाई, पण आवाज असा की समोरच्या ओळीपर्यंत जावा. मधूनच थांबायची, खांबानं काहीतरी विचारलंय असं मान हलवायची आणि पुन्हा सांगायची. पोरी खांबाला अम्माचा जावई म्हणायला लागल्या. दुर्गव्वा म्हणाली, जावयांमध्ये हाच गुणाचा, उलटून बोलत नाही.

दोन महिने होत आले तसा अन्ना अस्वस्थ झाला. आम्ही दोघं वस्तीत एकमेकांशी बोलत नव्हतो, म्हणून त्यानं मला खाणीवर गाठलं. म्हणाला, तुझी मराठी जिंकली तर मी सहन करीन, माझी कन्नड जिंकली तर तू कर. पण ही म्हातारी दोघांचं वाटोळं करतेय. शेवटचा महिना तिला माझ्या लेकीकडं कलबुर्गीला ठेवू. मी हो म्हणालो. त्या दोन महिन्यांत आम्हा भावांचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. दुर्गव्वानं तिचं गाठोडं बांधलं, दोन लुगडी, पानाची चंची. अम्मानं त्यात आपली पोलादाची टाकी घातली. ती टाकी घरातून बाहेर नेलेली मी कधी पाहिली नव्हती. परत यायचं नसेल तेव्हाच माणूस पाहुण्याच्या घरी हत्यार बरोबर नेतो, हे आमच्यात लहान पोरालाही ठाऊक असतं. अन्नानं ती पाहिली. मीही पाहिली. दोघांनी दुसरीकडं बघितलं.

मी तिचा हात धरून जीपकडं नेत होतो. तिनं हात सोडवला आणि ती खांबापाशी गेली. त्याच्यावर तळवा ठेवला आणि आमच्या बोलीत म्हणाली, "जाते रे. वेळच्या वेळी खात जा. आणि दिवसभर असा उभा राहू नकोस."

अकरा घरांची माणसं दारात उभी होती. कुणी हललं नाही. रेणव्वा तेव्हा बाळंतपणाची घरीच होती, दोन्ही हातांत दोन पोरी. त्यातली एक रडायला लागली, मग दुसरी.

अन्नानं जीपमधलं गाठोडं खाली घेतलं. ते उचलून अम्माच्या बाजेवर ठेवलं आणि स्वतः बाजेच्या पायथ्याशी जमिनीवर बसला. त्याचं वय पंच्याहत्तर. कानखांबाची भोकं त्याच्या डोक्यावर दोन हातांवर होती. तो मोठ्यानं, आमच्या बोलीत म्हणाला, "अम्मा, मला भूक लागलीय. काय केलंय खायला?"

अम्मानं त्याला नखशिखांत पाहिलं. म्हणाली, "दोन महिने कुठं मेला होतास?"

मी जीपवाल्याला परत पाठवलं. सुवर्णाकडं बघायची मला हिंमत होत नव्हती, नोकरी तिची जाणार होती. तिची माहेरची भाषा मराठी. आमची बोली ती लग्नानंतर शिकली आणि मोडकीतोडकी बोलते. ती पुढं आली, पोरींपैकी एकीला रेणव्वाकडून घेतलं आणि त्याच मोडक्या बोलीत अम्माला म्हणाली, हिला झोपव, माझ्याच्यानं झोपत नाही.

त्या दिवसापासून अंगणाचा बांध फुटला. दुर्गव्वा आणि अन्नाच्या बायकोचं दोन महिन्यांचं साठलेलं भांडण चार दिवस चाललं आणि पाचव्या दिवशी दोघी एका ताटात जेवल्या. शेळी पुन्हा ऐकायला लागली. निकाल आपल्या विरुद्ध जाणार हे मी गृहीत धरलं होतं, तिकडं अन्नानंही आपल्यापुरतं तेच. भाकरी मात्र गोड लागायला लागली.

तीन महिने झाल्यावर बिरादार बाई आल्या. त्यांनी खांबाचं झाकण काढलं, आपल्या पाटीवर आकडे घेतले आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग सांगितलं. मराठी अठरा टक्के, कन्नड सोळा. उरलेले सहासष्ट टक्के एकाच ढिगात, ज्याला यंत्राकडं नाव नाही.

अन्ना म्हणाला, अम्मानं बुडवलं. बाई म्हणाल्या, नाही. एका माणसाचं बोलणं एका मर्यादेपर्यंतच धरलं जातं, नाहीतर एखादा बडबड्या सगळं गाव फिरवील. अम्मांचं एकटीचं पुरलं नसतं. शेवटच्या पंचवीस दिवसांत तुम्ही सगळेच बोललात. आणि त्याआधीची जी मराठी आणि कन्नड आहे, तिच्यातही जीभ तुमचीच आहे, म्हणून तीही बरीचशी याच ढिगात पडली. यंत्राला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं.

मी विचारलं की आता वस्ती कुणाची. बाई गोंधळल्या. म्हणाल्या, चौथा नियम तुम्ही वाचला नाहीत का?

मी भिंतीकडं बोट दाखवलं. तीनच आहेत.

त्या भिंतीपाशी गेल्या, नखानं कागदाचा कोपरा उचलून बघितला. "मागच्या बाजूला आहे, काका."

मागच्या बाजूला मराठीच होती. मी कागद उलटलाच नव्हता. पस्तीस वर्षं मी दोन तोंडांचे दगड घडवले होते. मागच्या तोंडावर तेच असतं, फक्त पलीकडच्या अक्षरांत, ही माझी पक्की समजूत. कागदालाही मी दगडच समजलो. अन्ना तर त्याच्या कन्नड कागदाकडं बघून तेच म्हणाला, मागं मराठी असेल म्हणून सोडून दिलं. सुवर्णानं पदर तोंडावर धरला, पण तिचे खांदे हलत होते.

चौथा नियम असा होता. दोहोंपैकी कुठलीच भाषा निम्म्यावर गेली नाही, तर त्या वस्तीच्या आतून किंवा भोवतून रेषा काढायची नाही. वस्ती खुली राहील. ज्या घराला ज्या राज्याचे कागद हवेत त्यानं ते घ्यावेत, शाळा आणि नोकरी दोन्हीकडची चालेल. म्हणजे आम्ही पहिल्या दिवसापासून जसे बोलत होतो तसेच बोलत राहिलो असतो, तरी काही जाणार नव्हतं. अन्ना म्हणाला, तिम्मा, तू शिकलास ते बरंच झालं.

मी बाईंना एक विनंती केली. अम्मा त्या खांबाशी काय काय बोलली ते मला ऐकायचं होतं, मी त्यातलं निम्मंही ऐकलं नव्हतं. बाईंचा चेहरा उतरला. शब्द साठवलेले नाहीत, हे त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी खांब नेला. अम्मानं त्याला हळद-कुंकू लावून पाठवला. संध्याकाळी मी सुवर्णाकडून एक वही घेतली आणि अम्माच्या बाजेशेजारी बसलो. म्हटलं, त्याला सांगितलंस ते मला सांग. ती सांगत गेली, मी आमच्या बोलीतले शब्द मराठी अक्षरांत लिहीत गेलो. काही आवाजांना अक्षर नव्हतं, तिथं मी छोटी टाकी काढली. लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवलं. ती हसली. म्हणाली, इतकं हळू मी कधी बोलले?

खुल्या वस्तीच्या खुणेसाठी मंडळानं एकोणीस नंबरच्या जागी नवा दगड बसवायला सांगितला. एका तोंडावर मराठी, एका तोंडावर कन्नड. अन्नानं शिळा आडवी केली आणि पहिल्या टाकीचा मान अम्माला दिला. तिनं आपली पोलादाची टाकी घेतली आणि तिच्या हाताला जवळ पडली ती अरुंद बाजू, जिच्यावर काहीच लिहायचं नव्हतं, तिच्यावर टाकी मारली. तीन घाव. आता रीत म्हणजे रीत. ती कोरी बाजू आम्ही उगवतीला बसवली. त्यामुळे मराठी उत्तरेला तोंड करून उभी आहे आणि कन्नड दक्षिणेला, आणि कुठलं राज्य कुठं हे त्या दगडावरून कुणालाच सांगता येत नाही. बिरादार बाई बघायला आल्या, दगडाभोवती एक फेरी मारली आणि सही करून गेल्या.

रेणव्वा वस्तीतच राहिली. तिच्या जुळ्या पोरी आता चालतात, बोलतात. थोरली मराठी अंगणवाडीत जाते, तिच्यामागं हट्टानं धाकटीही जाते. घरी दोघी अम्मासारख्या खणखणीत बोलतात. माझ्या चार वह्या भरल्या.

अम्मा, म्हणजे गंगव्वा सायबू इरकल, मंगळवार, २ फेब्रुवारी २०४४ रोजी सकाळी अंगणात बाजेवर वारली. तेव्हा ती रेणव्वाच्या धाकट्या पोरीशी बोलत होती.